वर्षाला तीन मॅचेस

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सहज विषय निघाला म्हणून मी म्हणालो की माझा भाचा कॉलेजच्या टीममधून बेसबॉल खेळतो. कुठे? शिरूरला. टेबलावरचे तिघं हसले. चौथा स्वभावाने सज्जन आहे. त्याने समजुतीच्या सुरात विचारलं, "सर्टिफिकेटसाठी का?"

मी हो म्हणालो. खोटं कशाला बोला. पण ते 'का' डोक्यातून गेलं नाही, आणि शनिवार-रविवार त्यातच गेला. म्हणून ही पोस्ट.

आधी थोडा भूगोल. मी दौंडचा, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला. ताईला शिरूरला दिलेली. पुण्यातल्या बहुतेकांना ही दोन्ही गावं वाटेवरची म्हणून माहीत असतात. दौंड म्हणजे मनमाडच्या गाडीचं इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावायचे ते स्टेशन. शिरूर म्हणजे रांजणगावचा गणपती झाला की पुढे लागतं ते, जुनी माणसं ज्याला अजून घोडनदी म्हणतात. दोन्हींच्या मध्ये न्हावरे, चौफुला, कालव्याचं पाणी पोचतं तिथे ऊस आणि नाही पोचत तिथे ज्वारी नाहीतर कांदा. या पट्ट्यात कुस्ती आहे, कबड्डी आहे, खो-खो आहे, आणि टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा तर दर रविवारी कुठे ना कुठे चालूच असतात. बेसबॉल आहे हे मलाही भाच्याने सांगितलं तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर ताईकडे गेलो होतो तेव्हा तो म्हणाला, "मामा, सकाळी चला ग्राउंडवर. सहाला." थंडी होती, पण गेलो.

ग्राउंड म्हणजे कॉलेजमागचं मोकळं रान. एका कडेने पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरच्या फेऱ्या मारत होती, दुसऱ्या कोपऱ्यात गोळाफेक चालली होती. मध्ये चालायला आलेले काका लोक. या सगळ्यातून उरलेल्या तुकड्यात फक्कीने आखलेला एक चौकोन, त्याच्या तीन कोपऱ्यांना बेस म्हणून लाकडाचा भुसा भरलेल्या कांद्याच्या गोण्या, चौथ्या कोपऱ्यात होम प्लेट म्हणून कापलेलं रबर. बॅटिंगच्या सरावासाठी बांबू रोवून त्यावर डाळिंबाच्या बागेतलं जुनं शेडनेट टाकलेलं. आणि शिट्टी गळ्यात अडकवून सर.

सरांचं नाव देत नाही, कॉलेजचंही नाही. त्यांना आवडणार नाही आणि गरजही नाही, कारण असे सर या विद्यापीठात आणखी असणार. हुद्दा शारीरिक शिक्षण संचालक. नाव भारदस्त आहे, पण अर्थ असा की कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्या टीम्सचा कोच हा एकच माणूस. शिवाय ॲडमिशनच्या दिवसांत ॲडमिशन, परीक्षेच्या दिवसांत सुपरव्हिजन आणि नॅकची कमिटी यायची असली की फायली. सर स्वतः खो-खोचे खेळाडू. बेसबॉल त्यांनी नियमांच्या पुस्तकातून आणि एका शिबिरातून शिकला, सहा वर्षांपूर्वी.

क्रिकेट येणाऱ्या पोराला बेसबॉल शिकवणं सोपं असेल अशी माझी समजूत होती. सर म्हणाले, उलट आहे. क्रिकेटवाला बॉल मारतो आणि कुठे गेला ते बघत उभा राहतो, कारण क्रिकेटमध्ये पळायचं की नाही हे आपल्या मर्जीवर असतं. इथे बॉल फेअर पडला की पळायचंच, तेही बॅट टाकून. पहिले पंधरा दिवस पोरं बॅट घेऊनच पहिल्या बेसवर पोचतात. एकाने तर पोचल्यावर बॅट टेकवली, क्रीझमध्ये टेकवतात तशी. (हसू नका. तुम्हीही टेकवली असतीत.) सरळ बॅटने खेळायची सवय मोडून कमरेतून वळायला शिकवावं लागतं. फिल्डिंगला ओंजळ करायची सवय मोडावी लागते, कारण ग्लोव्ह एकाच हातात असतो आणि दुसरा हात लगेच फेकायला मोकळा लागतो.

सगळ्यात जास्त वेळ लागतो तो नुसत्या बेसवर पाय ठेवून बाद करणं आणि अंगाला बॉल लावून बाद करणं यातला फरक समजायला. पळणाऱ्याला मागून दुसरा ढकलत असेल तर बेसवर पाय पुरतो, नसेल तर त्याला गाठून बॉल लावावा लागतो. आता हे खेळाडूला बॉल हातात यायच्या आधी माहीत हवं, आल्यावर विचार करायला वेळ नसतो. मी घरी येऊन हिशोब केला. तीन बेसवर माणूस असण्या-नसण्याचे आठ प्रकार, त्याला बाद झालेले शून्य, एक किंवा दोन, म्हणजे एकूण २४ स्थिती. चक्क स्टेट मशीन आहे. प्रत्येक स्थितीत नऊ जणांनी काय करायचं ते ठरलेलं. आम्ही असलं काही लिहितो तेव्हा टेस्ट केसेस चालवून चालवून पक्कं करतो. सरांच्या पोरांकडे टेस्ट चालवायला काय आहे, तिकडे मी येतोच.

कबड्डी-खो-खोवाले लवकर तयार होतात असं सरांचं निरीक्षण. खो-खोत झेप घेऊन गडी मारायची सवय असलेला पोरगा शॉर्टस्टॉपला आपोआप आडवा झेपावतो, आणि मध्यरेषेकडे पाय लांबवणारा रेडर बेसवर घसरत जायला घाबरत नाही. कॅचर शोधायला मात्र सरांना दोन वर्षं लागली. अंगावर येणाऱ्या प्रत्येक बॉलमागे अख्खी इनिंग उकिडवं बसायचं, तोंडावर जाळी, छातीला पॅड, आणि कौतुक कोणी करत नाही. शेवटी सापडला तो पहाटे चार म्हशींच्या धारा काढून येणारा. "त्याला उकिडवं बसायचं शिकवावं लागलं नाही," सर म्हणाले, "आणि म्हशीसारखा संयम पण आहे." कॅचर शेजारीच उभा होता, त्याला हे कौतुक वाटलं की नाही कळलं नाही.

सामानाची गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या वर्षी चार ग्लोव्ह आणि दोन बॅटी. आता ग्लोव्ह अकरा आहेत, पण सरावाची मॅच खेळायची तर दोन्ही टीम्सना मिळून अकरा. त्यामुळे इनिंग बदलली की पोरं ग्लोव्ह जागेवरच टाकून येतात आणि समोरच्या टीममधला उचलतो. मला वाटलं ही आपली खास गरिबी. मग वाचलं तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्येही १९५३ पर्यंत खेळाडू ग्लोव्ह मैदानातच टाकून यायचे, १९५४ पासून नियमाने बंद केलं. तिथे कारण गरिबीचं नव्हतं, पण चित्र तेच. डावखुऱ्यांचे हाल वेगळे. ग्लोव्ह उजव्या हाताचा लागतो आणि अकरात तसा एकच आहे, म्हणून टीममध्ये डावखुरा एकच. दुसरा सॉलिड होता, तो ग्लोव्हअभावी भालाफेकीला गेला.

भाल्यावरून आठवलं. २००८ साली 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा भारतात झाली होती, त्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. २०१४ मध्ये त्यावर डिस्नेने सिनेमा काढला. सिनेमा गोड आहे. पण त्यात एक गृहीत आहे ते मला खटकतं, की भारतात नुसते हात पडलेले आहेत, कोणी येऊन वेगाने फेकणारा हात उचलून न्यायचा. दिनेश २०१० मध्ये परत आला. रिंकू काही वर्षं खालच्या लीगमध्ये टिकला, मग दुखापती, आणि पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. दोघांनाही कमी लेखायचं नाही, त्यांनी जे केलं ते अफाट होतं. पण वयाच्या एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी पहिल्यांदा बेसबॉल हातात घेतलेल्या माणसाला वेग असतो, खेळ नसतो. खेळ येतो मॅचेस खेळून.

आणि इथे मुद्दा येतो. मी सरांना विचारलं, वर्षात किती मॅचेस होतात? ते म्हणाले, "तीन. फायनलला गेलो तर."

ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे आहेत. कॉलेजांच्या स्पर्धा आधी विभागात होतात. शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर ही सगळी ग्रामीण विभागातली मंडळी. तिथून निवडलेले खेळाडू आंतरविभागीय स्पर्धेला, तिथून विद्यापीठाचा संघ, आणि तो संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला. ही शिडी वाईट नाही. विभागाची पायरी मात्र बाद पद्धतीची, दोन-तीन दिवसांत उरकणारी. पहिली मॅच हरलात की वर्ष संपलं. जून-जुलैपासून पहाटे सहाला येणारा पोरगा एका सकाळी दोन तास खेळतो आणि पुढच्या जूनपर्यंत मोकळा. पदवीच्या तीन वर्षांत फार तर नऊ मॅचेस. त्यातल्या चार-पाच मॅचेस तो बेंचवर. २४ स्थितींपैकी कितीतरी त्याने मॅचमध्ये कधी बघितलेल्याच नसतात.

याच्या बाजूला ठेवायला एक गोष्ट आहे. मी २००५ साली ऑनसाइट ऑस्टिनला होतो. वीकएंडला करायला काही नसायचं, म्हणून एक सहकारी टेक्सास विद्यापीठाची मॅच बघायला घेऊन गेला. हायवेला लागून स्टेडियम, हजारो माणसं, आणि हे सगळं कॉलेजच्या पोरांसाठी! त्या वर्षी टेक्सासने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. कोच होते ऑगी गॅरिडो. तेव्हा मला नाव माहीत नव्हतं, नंतर वाचलं. गॅरिडो १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला आले. ते काही नावाजलेलं विद्यापीठ नव्हतं, पोरं घरून गाडीने यायची, वर्ग करून घरी जायची. शेजारी लॉस एंजेलिसमध्ये यूएससी, ज्यांनी १९७० ते १९७४ सलग पाच वर्षं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलेलं. म्हणजे आपल्याकडे पुण्यातल्या मोठ्या कॉलेजच्या शेजारी तालुक्याचं कॉलेज. फुलर्टन १९७५ मध्ये पहिल्यांदा वरच्या श्रेणीत खेळलं आणि त्याच वर्षी यूएससीला हरवून ओमाहाच्या अंतिम स्पर्धेला पोचलं. १९७९ मध्ये आर्कान्सासला २-१ ने हरवून विजेतेपद.

गॅरिडोंच्या टीम्स बंटसाठी प्रसिद्ध होत्या. बंट म्हणजे बॉलला जोरात मारायचं नाही, बॅट आडवी धरून नुसता टेकवायचा, तो पुढ्यात दोन हात गेला की पळायचं. मोठे फटके मारणारे धिप्पाड गडी मोठ्या विद्यापीठांकडे जातात, उरलेल्यांनी समोरच्याला घाई करायला लावायची. शिरूरच्या ग्राउंडवर सर नेमकं तेच घोटून घेत होते. गॅरिडोंचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. "आपली पोरं हलकी आहेत, पळतात," एवढंच त्यांचं म्हणणं. मला हे फार आवडलं.

पण फुलर्टनची गोष्ट सांगून कोणी 'बघा, जिद्द असली की होतं' असं म्हणू लागला तर त्याला थांबवा. अमेरिकेत वरच्या श्रेणीच्या कॉलेज टीमला एका सीझनमध्ये ५६ पर्यंत मॅचेस खेळता येतात, बाद फेऱ्या सोडून. म्हणजे आमचा भाचा तीन वर्षांत जेवढं खेळेल तेवढं तिथला पोरगा साधारण दोन-तीन आठवड्यांत खेळतो. बंट कधी करायचा नाही, हे चाळीस वेळा करून बघितल्यावर कळतं. गॅरिडो थोर होते यात वाद नाही, पण त्यांना चुका करायला जागा होती. सरांच्या टीमला पहिली चूक शेवटची.

आता सर्टिफिकेट. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कुठल्या पातळीच्या स्पर्धेतलं यश कुठल्या पदाला चालतं याचे नियम आहेत, प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. बेसबॉलमध्ये टीम्स कमी, म्हणून वर जायची शक्यता कबड्डीपेक्षा बरी, हे गणित प्रत्येक पोराला ठाऊक आहे. भाच्यालाही. त्याला खाकी घालायची आहे. दौंडला राज्य राखीव दलाची दोन केंद्रं आहेत, त्या भागातल्या प्रत्येक घराने कोणी ना कोणी वर्दीत बघितलेला असतो. तर होय, तो सर्टिफिकेटसाठी खेळतो.

मग? अमेरिकेतला पोरगा कशासाठी खेळतो? कित्येक वर्षं तिथल्या वरच्या श्रेणीच्या प्रत्येक बेसबॉल टीमला ११.७ एवढ्याच शिष्यवृत्त्या वाटता यायच्या, आणि त्या तीसेक खेळाडूंत तुकडे करून वाटल्या जायच्या. कोणाला पाव, कोणाला अर्धी. ही मर्यादा २०२५ मध्ये गेली. त्या तुकड्यासाठी आईबाप पोराला आठव्या वर्षापासून गाडीने गावोगाव फिरवायचे. त्याला आपण 'स्पोर्ट्स कल्चर' म्हणतो. शिरूरचा पोरगा पोलीस भरतीसाठी पहाटे उठला तर ते 'सर्टिफिकेटसाठी का?' आणि आपण तरी इंजिनिअरिंगला ज्ञानाच्या ओढीने गेलो होतो काय? कॅम्पसमधून कंपनी मिळावी म्हणून गेलो. मिळाल्यावर काहींना त्या कामाची गोडी लागली, काहींना नाही. भाच्याला लागली आहे, हे मी बघितलंय. तो आता टीव्हीवर क्रिकेट बघताना आउटफिल्डमधून येणाऱ्या थ्रोला नावं ठेवतो.

खोटी सर्टिफिकेटं निघाली, हे मला माहीत आहे. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांच्या बोगस प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणं आपल्याकडे गाजली. त्याचा राग यायलाच हवा, आणि सर्वात जास्त राग सरांनाच येतो. पण ही फसवणूक इतकी सोपी का झाली, याचाही विचार करा. खेळ जेव्हा वर्षातून दोन दिवस, प्रेक्षक नसलेल्या मैदानावर होतो आणि मागे फक्त कागद उरतो, तेव्हा खरा कागद आणि खोटा कागद यात फरक सांगणारं कोणीच नसतं. तोच पोरगा दहा रविवारी दहा गावांत खेळलेला असता तर पाचशे माणसांनी त्याला बघितलं असतं. दहा स्कोअरशीट्स असत्या. कबड्डीत कोणी बोगस असेल तर गावातला पानवाला सांगतो, कारण त्याने खेळ बघितलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शिरूर, दौंड, केडगाव, बारामती, इंदापूर, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून श्रीगोंदा, अशा सहा टीम्सनी विद्यापीठाच्या स्पर्धेव्यतिरिक्त आपापसात खेळावं. प्रत्येकाशी एकदा आपल्या ग्राउंडवर, एकदा त्यांच्या. प्रत्येक टीमला दहा मॅचेस, एकूण तीस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रविवार सकाळ. पाहुण्या टीमचं दुपारचं जेवण यजमान कॉलेजकडे. बक्षीस नको, चषक नको, उद्घाटनाला कोणी प्रमुख पाहुणे तर अजिबात नकोत.

खर्च मुख्यतः प्रवासाचा. पंधरा पोरं आणि एक सर, एक टेम्पो ट्रॅव्हलर किंवा सरळ एसटी. यासाठी पैसे मिळू शकतात. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सीएसआरचा पैसा कुठे लावता येतो त्याची यादी आहे आणि त्यात ग्रामीण खेळ आणि ऑलिंपिक खेळांसाठीचं प्रशिक्षण स्पष्टपणे आहे. बेसबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये परत येतोय. रांजणगावची एमआयडीसी शिरूर तालुक्यातच आहे. अडचण अशी की कंपन्यांना फोटो निघेल असं काहीतरी द्यायचं असतं, म्हणजे किट, जर्सी, नाव रंगवलेली भिंत. रविवारच्या एसटी भाड्याचा फोटो काय काढणार? माझ्या स्वतःच्या कंपनीत मी हे बोललो (नाव सांगत नाही, अजून नोकरी आहे), तर उत्तर आलं की 'इम्पॅक्ट' कसा मोजायचा ते लिहून द्या. मी लिहून दिलं, मॅचेसची संख्या. पुढे काही ऐकलं नाही.

एक आक्षेप सरांनीच काढला, आणि तो खरा आहे. हे सगळं एका माणसाच्या पगारात आणि रविवारात बसवायचं. टीम चांगली झाली की त्यातले दोघं-तिघं विद्यापीठाच्या संघात जातात, तिथे कोच वेगळा, जर्सी वेगळी. पुढे पोरगं भरतीत लागलं की पेढे घेऊन येतं, तेवढंच. सरांचं प्रमोशन कशावर होतं? शोधनिबंधांवर, शिबिरांवर, फायलींवर. तीस मॅचेसची लीग चालवल्याचे गुण कुठल्याच रकान्यात नाहीत. ते रकाना नाही म्हणून थांबलेले नाहीत, पण सगळे सर असे नसतात आणि असावेत अशी अपेक्षा करणं हा आपला आळस आहे. अनेक कॉलेजांत तर ही जागाच रिकामी आहे. फुलर्टनमध्ये गॅरिडोंना निदान बेसबॉलसाठी नेमलेलं होतं.

दुसरा आक्षेप, कॅन्टीनमधला. बेसबॉलच कशाला? आपले खेळ काय कमी आहेत? हा मला मनापासून पटत नाही. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल वायएमसीएच्या अमेरिकन लोकांनीच इथे आणले. व्हॉलीबॉल आज खेड्यापाड्यात आहे आणि तो परका आहे असं कोणी म्हणत नाही. तो पसरला कारण त्याला एक बॉल आणि एक जाळी लागते. बेसबॉल मागे राहिला, कारण त्याला नऊ ग्लोव्ह लागतात. यात संस्कृतीचा प्रश्न कुठून आला? बारामती तालुक्यातली रेश्मा पुणेकर भारताच्या महिला बेसबॉल संघातून खेळली आहे. शिरूर-दौंडच्या पोरींना ते अंतर फार नाही. सरांकडे मुलींची टीम यंदा पहिल्यांदा होतेय, सध्या सात जणी आहेत. ग्लोव्ह तेच अकरा.

तर झालं असं की त्या सकाळी निघताना मी सरांना हे सगळं उत्साहात सांगितलं आणि ते म्हणाले, "तीस राहू द्या. एक करू." दौंडच्या एका कॉलेजच्या सरांना त्यांनी तिथूनच फोन लावला. पुढच्या रविवारी, दौंडला, सकाळी आठ. शिरूरची टीम न्हावऱ्यावरून एसटीने येणार, भाडं आम्ही दौंडचे पाच जण मिळून भरतोय. जेवण माझ्या आईने आणि शेजारच्या काकूंनी अंगावर घेतलंय. पिठलं-भाकरी, कारण तीस जणांचं दुसरं काही जमत नाही.

अंपायर दोन लागतात. एक दौंडचे सर, दुसरा मी. आठवडाभर रात्री नियमांचं पुस्तक वाचतोय. बरंचसं कळलं, इनफिल्ड फ्लायचा नियम अजून डोक्यात शिरत नाहीये. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तेवढं पाठ करूनच या, आमचा पिचर त्यावरून फार भांडतो."